समोरचं स्टूल

अण्णा,

तिसऱ्या मजल्यावरची शेवटची खोली आत्ता रंगवून झाली. रंग वाळल्याशिवाय पलंग आणि टेबल भिंतीला लावता येत नाहीत, तोवर करण्यासारखं काही नाही, म्हणून खिडकीच्या कट्ट्यावर बसून लिहितोय. अक्षर तुम्हाला आवडणार नाही, पण ते कधीच आवडलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात कॉलेजच्या या होस्टेलात नवी मुलं राहायला येतील. दर ऑगस्टला येतात. जुनी मुलं मे महिन्यात जाताना भिंतीला पोस्टरांची भोकं ठेवून जातात. ती मी लांबीचा लगदा भरून बुजवतो, घासतो, वरून रोलर फिरवतो आणि भिंत अशी करून ठेवतो की इथं कधी कुणी राहिलंच नव्हतं. प्रत्येक दारावर कुणीतरी निळ्या कागदाचे मासे कापून चिकटवलेत, एका माशावर एक नाव. मुलं अजून घरून निघालेलीसुद्धा नाहीत, पण त्यांच्या नावाचा मासा आधीच येऊन बसलाय. म्हणजे कुठल्यातरी ऑफिसात कुणीतरी बसून ठरवलंय की हा इथं झोपेल, तो तिथं, याला झाडाकडची खिडकी द्यायची. मी ती नावं वाचत वाचत डबे घेऊन जातो आणि माझ्या पोटात दुखतं. कसलं दुखणं ते तुम्हाला सांगायला नको. लहानपणापासूनचं आहे.

आमचा मुकादम इटालियन आहे, पन्नाशीचा, गुडघ्यानं अधू. सुरुवातीला एकदा मी त्याला सांगून बसलो की माझे वडील प्रोफेसर होते, लढाईनंतर एक अख्खं विद्यापीठ पुन्हा उभं करायचा प्लॅन त्यांनी केला होता. तो शिडीवरून म्हणाला, "मग तू इथं काय करतोयस?" तेव्हापासून माझं नाव प्रोफेसर पडलंय. प्रोफेसर, कोपरा राहिला. प्रोफेसर, बादली सरकव. माणूस वाईट नाही. त्याच्या तोंडून ते ऐकताना मला राग येत नाही, राग तुमचा येतो.

तुम्ही गेलात तेव्हा मी मिरजेच्या गॅरेजात होतो. मग ट्रकवर क्लीनर झालो, मग गोव्याला एका हॉटेलात, मग परत सांगली. "याचं बूड एका जागी टिकत नाही," असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. शेवटी ताईनं कागद केले आणि मला इकडं अमेरिकेत बोलावलं. ताई आणि भावजी श्रूजबरीला राहतात, वूस्टरच्या शेजारी. मी त्यांच्या बेसमेंटमध्ये. इथंही आधी पेट्रोल पंपावर होतो, मग एका डोनटच्या दुकानात, मग हे रंगकाम. ताईची मुलगी तेरा वर्षांची आहे. मराठीत विचारलं की इंग्लिशमध्ये उत्तर देते. एकदा जेवणाच्या टेबलावर वही माझ्यापुढं ढकलून म्हणाली, "मामा, हेल्प मी." बघतो तर अवयव पाडायची गणितं. मी म्हटलं, आईला विचार, माझे हात तेलाचे आहेत. ती म्हणाली, "बट यू आर नॉट इव्हन कुकिंग." मग तिनंच सोडवलं आणि म्हणाली, "दॅट वॉज सो ईझी." माझ्याकडं न बघता म्हणाली, हे बरं झालं.

आपल्या सांगलीच्या दोन खोल्या मला आठवतात त्या कायम पाहुण्यांनी भरलेल्या. तुमचे जुने विद्यार्थी यायचे. कुणी रंगूनचा, कुणी सांगलीच्या कॉलेजातला. बाहेरच्या खोलीत तुम्ही खुर्चीत, पाहुणा कॉटवर, आणि मी आत स्वयंपाकघराच्या दाराशी, कपबशा धरून. मला तुम्ही रंगूनची एकही गोष्ट कधी बसवून सांगितली नाहीत, अण्णा. जे काही मला माहीत आहे ते पाहुण्यांना सांगितलेलं, मी दाराआडून ऐकलेलं. जपानी आले तेव्हा विद्यापीठ बंद पडलं, तुम्ही डोंगर ओलांडून पायी हिंदुस्थानात आलात, आणि पुढं सिमल्याला सरकारच्या एका कचेरीत लागलात. ब्रह्मदेशाचं सरकार पळून तिथं येऊन बसलं होतं. लढाई अजून संपलेली नव्हती, रंगून अजून जपान्यांकडं, कुठली इमारत उभी आहे आणि कोण जिवंत आहे हे कुणाला ठाऊक नाही, आणि तुम्ही दोघं-तिघं जण बर्फात शेगडीपाशी बसून ठरवत होतात की विद्यापीठ पुन्हा उघडलं तर आत कुणाकुणाला घ्यायचं. पाहुण्यांना हे फार आवडायचं. तुम्ही सांगायचातही रंगवून. तुमच्या कचेरीतल्या गोऱ्या साहेबाचं म्हणणं असं की थोडीच मुलं घ्यावीत, पण पक्की. ज्याच्याकडं सर्टिफिकेट तोच आत, ज्याचं वय उलटलं तो बाहेर. तुमचं म्हणणं, सर्टिफिकेटं जळली, ती पोरांनी जाळलेली नाहीत. लढाईची वर्षं वयातून वजा करा. कागद नसेल तर त्याला समोर बसवून चार प्रश्न विचारा. आणि पहिल्या वर्षी कुणी नापास झाला तर त्याला काढायचं नाही, परत बसू द्यायचं. साहेब म्हणाला, अशानं रस्त्यावरचा कुणीही उठून येईल आणि म्हणेल मी विद्यार्थी. त्यावर तुम्ही काय म्हणालात ते मला पाठ आहे. "येऊ दे की. रस्त्यावरून येऊन जो गणित शिकवा म्हणतो, तो विद्यार्थीच."

पाहुणे मान डोलवायचे. कुणाच्या डोळ्यांत पाणी यायचं. मी आत कपबशीवर कपबशी रचत उभा असायचो आणि मला त्या रस्त्यावरच्या पोरांचा हेवा वाटायचा. दुसऱ्या पोरांना दुसऱ्यांच्या सायकलींचा हेवा वाटतो. मला ज्यांचं घर बॉम्बनं पडलं, ज्यांचे बाप मेले, त्यांचा वाटायचा. त्यांच्यासाठी तुम्ही साहेबाशी भांडला होतात.

माझ्यासाठी भांडायची वेळ आली ती मी नववीत दुसऱ्यांदा गचकलो तेव्हा. हेडमास्तर घरी आले. ते तुमचेच विद्यार्थी, खुर्चीत बसायलाही संकोचत होते. म्हणाले, "सर, दोन मार्कांचा तर प्रश्न आहे. वर ढकलतो." तुम्ही म्हणालात, "नको." ते म्हणाले, "सर, लोक बोलतात. दिव्याखाली अंधार म्हणतात." तुम्ही म्हणालात, "असू दे अंधार. ढकलायचं नाही." ते गेल्यावर मी आतून बाहेर आलो. माझी उंची तोवर तुमच्याएवढी झाली होती. मी म्हटलं, "रंगूनला तर सगळ्यांना घेतलंत. वय झालेल्यांना घेतलंत, नापासांना घेतलंत." तुम्ही चष्मा पुसत होतात. पुसायचं थांबला नाहीत. म्हणालात, "त्यांची वर्षं लढाईनं खाल्ली. तुझी कुणी खाल्ली?"

बस्स, एवढंच. आवाजही चढवला नाहीत. त्यानंतर मी गॅरेजात, ट्रकच्या टपावर, डोनटच्या तेलासमोर, शिडीवर, किती वेळा या प्रश्नाचं उत्तर दिलं असेल. उत्तर कायम एकच. तुम्ही. तुम्ही खाल्लीत. तुमच्या रंगूननं खाल्ली. तुम्ही गेल्यावर एक अनोळखी माणूस आपल्या ओसरीवर माझ्यापेक्षा जास्त रडला, तेव्हासुद्धा मी मनात हेच म्हणत होतो. रड बाबा, तुझेच होते ते.

आता काकांचं सांगतो. मे महिन्यात ताईकडं पॉटलक होतं. आपली माणसं एकेक भांडं घेऊन येतात आणि मागच्या अंगणात घडीच्या खुर्च्या टाकून बसतात. त्यात एक काका पहिल्यांदाच आले होते, साठीचे, काकूंबरोबर. पुलांचे इंजिनीयर. त्यांची मराठी जरा निराळी, जुन्या वळणाची, मध्येच हिंदुस्थानी. त्यांनी ताईला विचारलं, "तुझं माहेर कुठलं गं?"

"सांगली. म्हणजे वडील तिथं कॉलेजमध्ये होते. त्याआधी रंगूनला, युनिव्हर्सिटीत. मॅथ्स शिकवायचे."

काकांनी प्लेट गवतावर ठेवली. छोले तसेच. "सर?" ते म्हणाले. "सरांची मुलगी तू?"

"तुम्ही ओळखता?"

"ओळखता काय विचारतेस," काका म्हणाले, आणि काकूंकडं वळले. काकू म्हणाल्या, "आमच्या घरात देवांच्या आधी यांचे सर येतात बाई. लग्न झाल्यापासून ऐकतेय." ताईनं मला पुढं केलं. "हा माझा धाकटा भाऊ." काकांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. माझ्या नखांत रंग होता.

"तू काय करतोस, बेटा?"

"रंगवतो."

"पेंटिंग्ज?"

"भिंती."

"तो कॉलेजमध्ये असतो," ताई घाईघाईनं म्हणाली. खोटं नव्हतं ते.

मग काका सांगत बसले आणि सगळं अंगण ऐकत बसलं. त्यांचे वडील रंगूनला लाकडाच्या वखारीत कारकून, बॉम्बफेकीत गेले. आईला आणि बहिणीला घेऊन हे तिथंच राहिले, कारण पायी जायचं त्राण आईत नव्हतं. सगळी लढाई त्यांनी रस्त्यावर चिरूट विकले. मग लढाई संपली आणि ऐकलं की विद्यापीठ उघडतंय. मोठ्या इमारतीत अजून सैन्य होतं, म्हणून मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गणिताचे सर टेबल टाकून बसतात. "बावीस वर्षांचा घोडा झालो होतो मी," काका म्हणाले. "अंगात सोल्जरची उतरलेली पँट. सर्टिफिकेट नाही, पुस्तक नाही. चार वर्षांत गुणाकारसुद्धा विसरलो होतो. सरांनी नाव विचारलं नाही, कागद मागितला नाही. म्हणाले, कुठं थांबलो होतो आपण?"

"म्हणजे?" भावजींनी विचारलं.

"म्हणजे शेवटच्या दिवशी, वर्ग सुटला तेव्हा. जो खरंच वर्गात होता त्याला ते माहीत असणारच. मी म्हटलं, सर, बायनॉमियल चालू होतं, तुमच्या हातात खडू होता आणि भोंगा झाला. तुम्ही बरोबरचं चिन्ह काढलंत आणि सगळे पळालो. सर उठले. फळ्यावर ती अर्धी ओळ लिहिली, बरोबरचं चिन्ह काढलं आणि पुढं लिहायला लागले. जसं काही मध्ये कुणी दार वाजवलं होतं एवढंच."

ताई डोळे पुसत होती. मला आनंद व्हायला हवा होता, अण्णा. कुणीतरी इतक्या लांब, इतक्या वर्षांनी माझ्या बापाचं नाव असं घेतंय. पण माझ्या आत तीच जुनी कळ उठली आणि तोंडातून निघून गेलं, "काका, तुमच्यासाठी त्यांनी अर्धी ओळ चार वर्षं धरून ठेवली. मला दोन मार्कांसाठी खाली बसवलं."

"अरे, काय बोलतोस," ताई म्हणाली. "लोकांसमोर."

"बोलू दे त्याला," काका म्हणाले. मला वाटलं आता उपदेश येणार. ते म्हणाले, "आमच्या किचनची भिंत खराब झालीय. रंग सुटलाय. रविवारी येऊन बघशील का?"

मी गेलो. लांबी ओढायचा पत्रा, घासायचा कागद, लांबीचा डबा, सगळं घेऊन गेलो. काकूंनी दार उघडलं, माझ्या हातातला डबा बघून त्या नवऱ्याकडं वळून म्हणाल्या, "पोराला खोटं सांगून आणलंत ना?" भिंत खरंच थोडी सुटली होती, सिंकच्या वर, वाफेनं. पण काका टेबलाशी बसले होते. पुढ्यात पांढरे कागद, पेन्सिल. समोरची खुर्ची ओढून ठेवलेली. भिंत पळून जात नाही म्हणाले. मी उभाच राहिलो. पत्रा हातात.

तेव्हा त्यांनी ते सांगितलं जे अंगणात सांगितलं नव्हतं. म्हणाले, "मी पहिल्या दिवशी आत गेलो नव्हतो. शेडच्या दारापर्यंत जायचो आणि परत फिरायचो. लाज वाटायची रे. किती दिवस असं केलं. दर वेळी सर एकटे बसलेले असायचे आणि त्यांच्या समोरची खुर्ची रिकामी. जागा एवढीशी, कागदांचे गठ्ठे जमिनीवर, पण त्या खुर्चीवर काही ठेवू द्यायचे नाहीत. पुढं माझ्यादेखत एक गोरा अधिकारी आला आणि त्या खुर्चीत टेकला, तर त्यालासुद्धा उठवला. म्हणाले, ही येणाऱ्याची आहे. मी दारात दिसलो की मान वर करून बघायचे आणि परत खाली घालून लिहायला लागायचे. हाक मारायचे नाहीत. मला भयंकर राग यायचा. एवढं दिसतंय मी इथं उभा आहे, तर या माणसाला ये म्हणता येत नाही? एकदा धीर करून बसलो. नंतर वर्षभरानं मी त्यांना विचारलं, सर, तुम्ही मला बघत होतात, मग बोलावलं का नाही? ते म्हणाले, मी बोलावलं असतं तर तू माझ्यासाठी आला असतास."

मी ऐकत होतो आणि मला काकांचं किचन दिसेनासं झालं. मला आपलं दिसत होतं. ओट्याला लागून, खिडकीखाली ते छोटं टेबल, रंगूनहून आलेली तुमची एकुलती एक सवय, की शिकवायचं तर टेबलाशी, जमिनीवर नाही. अलीकडं तुमचं स्टूल, पलीकडं माझं. संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला तुम्ही मला तिथं गणित शिकवायचात. हेडमास्तर येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशीही तुम्ही चहा घेऊन तिथं बसलात, जसं काही झालंच नाही. मीही बसलो, सवयीनं. तुम्ही कागदावर लिहिलंत, एक्सचा वर्ग अधिक पाच एक्स अधिक सहा. पेन्सिल कागदावर दोनदा टेकवलीत आणि म्हणालात, "पाच फोड." मी उठलो. स्टूल मागं पडलं, ते उचललंही नाही, आणि गेलो.

त्यानंतर मी त्या स्टुलावर बसलो नाही. पण तुम्ही? तुम्ही रोज बसायचात. मी दिवसभर कुठं कुठं हिंडून मागच्या दारानं घरात शिरायचो तेव्हा तुम्ही टेबलाशी असायचात, चहा गार झालेला, पेपर तपासत. मान वर करायचात, माझ्याकडं बघायचात, परत खाली. मला वाटायचं, यांना माझ्याशी बोलायचीसुद्धा किळस येते. मी तसाच बाहेरच्या खोलीत जायचो. स्वयंपाकघरात जागा नव्हती, आई रोज कुरकुरायची. एकदा तिनं भाजीची टोपली त्या स्टुलावर ठेवली तर तुम्ही म्हणालात, "तिथं नको." रॉकेलचा डबा ठेवला तर "तिथं नको." आई चिडून म्हणाली, "तुमच्या त्या स्टुलावर काय देव येऊन बसणार आहे?" तुम्ही म्हणालात, "बसला तर बसला." मी दोन पावलांवर होतो, अण्णा. मला वाटलं तुम्ही दोघं नेहमीसारखे एकमेकांना टोमणे मारताय. मिरजेला गेलो त्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन त्याच स्वयंपाकघरातून गेलो. टोपली जमिनीवर होती.

"बस की," काका म्हणाले. "पत्रा खाली ठेव आधी."

मी बसलो. त्यांनी पेन्सिल उचलली आणि विचारलं, "कुठं थांबला होतास?" मला वाटलं होतं विसरलो असेन. पण मी सांगितलं. एक्सचा वर्ग अधिक पाच एक्स अधिक सहा, आणि पाच फोडायचे राहिलेत. काकांनी ते लिहिलं. लिहून झाल्यावर त्यांनी पेन्सिल कागदावर दोनदा टेकवली. अगदी तशीच, अण्णा. टक, टक, आणि मग थांबायचं. त्यांना ठाऊकही नाही की ते तसं करतात. मला ती पेन्सिल हिसकावून घ्यावीशी वाटली. तुमच्या गणिताची टकटक या माणसाच्या बोटांत चाळीस वर्षं सुखानं राहिली होती आणि मी, तुमचा मुलगा, रोलरला दांडा कसा लावायचा तेवढं शिकलो होतो.

"दोन आणि तीन," मी म्हटलं. बराच वेळ लागला. काकू तोवर दोनदा चहा गरम करून गेल्या.

मग उन्हाळाभर रविवारी गेलो. भिंतही केली, मधल्या एका रविवारी. काका शिकवताना सारखं म्हणायचे, "सर असं सांगायचे." "सर म्हणायचे, घाई करू नकोस, गणित कुठं जात नाही." माझ्या बापाचं शिकवणं मला परक्याच्या तोंडून, उष्टं करून मिळत होतं. काही रविवारी मी इतका जळायचो की जेवायला थांबायचो नाही. काकू डबा भरून द्यायच्या. पुढच्या रविवारी डबा परत द्यायला म्हणून परत जायचो. जुलैत एकदा काका म्हणाले, "तुझ्याच कॉलेजात काम करणाऱ्यांना संध्याकाळचे वर्ग फुकट असतात. विचारलंस?" मी म्हटलं, माझ्याकडं दहावीचाही दाखला नाही. ते म्हणाले, "मग तेच जाऊन सांग त्यांना."

मी गेलो. त्या ऑफिसचं दार मीच रंगवलंय, खालच्या बिजागरीपाशी एक ओघळ राहिलाय, तो मला दर वेळी दिसतो. आतल्या बाईंनी शाळेचे कागद विचारले. मी नाही म्हटलं, आणि तिथंच वळणार होतो. त्यांच्या समोरच्या खुर्चीवर त्यांची पर्स होती. त्यांनी ती उचलली, जमिनीवर ठेवली आणि म्हणाल्या, बस. कागद नसले तर एक परीक्षा द्यायची, ती पास झालास की इथं शाळा पास धरतात, मग वर्गात ये. एवढं सरळ. सिमल्याला तुम्हाला भांडावं लागलं होतं, इथं कुणीतरी आधीच भांडून ठेवलं असणार.

परीक्षा सोमवारी आहे. मुकादमाकडं सुट्टी मागितली तर तो म्हणाला, "प्रोफेसरला कसली परीक्षा?" मग म्हणाला, "गणित असेल तर मलाही शिकव, मुलगा विचारतो आणि मी बाथरूममध्ये जाऊन बसतो." भाचीला कळलंय. ती हल्ली बेसमेंटमध्ये येऊन माझी उत्तरं तपासते आणि चुकलं की लाल पेन मागते. "मामा, यू फरगॉट द मायनस." मी म्हटलं, मराठीत सांग. तर म्हणाली, "मामा, तू मायनस फरगॉट." जाणार आहे सोमवारी. पास होईन का सांगता येत नाही. नापास झालो तर परत बसू देतात, हे मी आधीच विचारून ठेवलंय. तुमच्याइतकाच मीही तो नियम पाठ केलाय.

तुमच्या त्या प्रश्नाचं उत्तर मात्र अजून माझ्याकडं नाही. माझी वर्षं कुणी खाल्ली. एवढंच, की "तुम्ही" हे उत्तर आता पूर्वीसारखं झटकन येत नाही. ओठांपर्यंत येतं आणि मग मला ती जमिनीवरची टोपली दिसते. पण तुम्ही एकदा तरी हाक मारायला हवी होती. काकांचं मला माहीत नाही, मी तुमच्यासाठीच आलो असतो, आणि त्यात काय बिघडलं असतं? बाकीच्यांना तुम्ही सर होतात. मला नव्हतात.

खाली मुकादम ओरडतोय, टेबल लावायला ये म्हणून. भिंतीला बोट लावून बघितलं, वाळलीय. एकच सांगायचं राहिलं. परवाच्या रविवारी, शेवटचा सराव झाल्यावर, काकांनी विचारलं, "सर घरीपण तसं करायचे का रे? समोरची जागा मोकळी ठेवायचे?" पेन्सिल खाली ठेवून विचारलं त्यांनी, फार अपूर्वाईनं. मी म्हटलं, "नाही. दोन खोल्यांत कुठली मोकळी जागा." काकांनी मान हलवली. पत्र्याची शेड त्यांची, भोंगा त्यांचा, बरोबरचं चिन्ह त्यांचं, पेन्सिलची टकटकसुद्धा त्यांच्याच बोटांत. स्टूल मी दिलं नाही, तेवढं माझं. हा कागद वाचायला दुसरं कुणी नाही, म्हणून त्यांनाच दाखवणार होतो. पण यात स्टूल आहे.